दही-साखर आणि साडेबाराची वेळ

मिल्टन कीन्सला आम्ही राहायला गेलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे, आणि जनावरांच्या दवाखान्यात मी कामाला लागले ती माझ्या रागामुळे. डिपेंडंट व्हिसावर काम करायला परवानगी होती, हातात मायक्रोबायॉलॉजीची पदवी होती, पण जिथे जावं तिथे 'इथला अनुभव' मागायचे. असाच एक नकार घेऊन तणतणत परत येत असताना एका दवाखान्याच्या काचेवर 'रिसेप्शनिस्ट पाहिजे' अशी चिठ्ठी दिसली आणि मी दार ढकलून आत गेले. आत गेल्यावर कळलं की समोर बाकावर बसलेले पेशंट कुत्री-मांजरं आहेत. मला कुत्र्यांची चांगलीच भीती वाटायची. पण आत शिरलेली बाई पुन्हा बाहेर पळताना दिसू नये, एवढ्या हट्टापायी मी मुलाखत दिली आणि पुढच्या सोमवारी कामावर हजर झाले.

माझं काम मुख्यतः फोन घेण्याचं आणि वेळा देण्याचं. लसीकरण, नखं कापणं वगैरे किरकोळ कामं असायचीच, पण फोनवर खरा वेळ खायचे ते दोन प्रकारचे लोक. एक, ज्यांना आपल्या कुत्र्या-मांजराचं पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करून घ्यायचं असे. दुसरे, ज्यांना आपल्या म्हाताऱ्या, आजारी जनावराला कायमचं झोपवायचं असे. पहिल्या प्रकारात मौज होती. बायका सरळ विचारायच्या, टाके कधी काढायचे, मांजर कधी खेळेल. पुरुष मात्र बोक्याची वेळ घेताना आवाज खाली आणून विचारायचे, "त्याला नंतर कळेल का हो?" मी गंभीरपणे सांगायचे, कळलं तरी तो तुम्हाला काही बोलणार नाही.

दुसऱ्या प्रकारचे फोन मला पहिल्या वर्षी झेपायचे नाहीत. त्या वेळा आम्ही दुपारी साडेबाराच्या द्यायचो, कारण तोवर सकाळची गर्दी ओसरलेली असायची आणि रडवेल्या माणसाला भरल्या वेटिंग रूममधून बाहेर पडावं लागायचं नाही. त्यासाठी मागचं दार उघडं ठेवायचो. कुणाशी काय बोलायचं हे नर्सने मला शिकवलं. फार बोलायचं नाही, घाई करायची नाही, आणि फोन आपण आधी ठेवायचा नाही.

माझ्या सासूबाई एप्रिलमध्ये पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, करारी आणि स्वच्छ बोलणाऱ्या. त्याआधी आमचं बोलणं व्हायचं ते रविवारी, फोनकार्ड खरवडून, आणि त्यात मी नोकरी करते एवढंच सांगितलेलं होतं. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "तू तिथे नक्की करतेस काय?" मी सांगितलं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे ब्रह्मदेवाचं काम अडवायचं आणि यमाला वेळ द्यायची. दोन्ही खाती तुझ्याकडेच आहेत." त्यानंतर पुण्याला फोन झाला की मुलीला सांगायच्या, सून खात्यावर गेली आहे.

आमच्याकडे तेव्हा एक मांजरी होती. बागेतल्या शेडखाली सापडलेली, करड्या पट्ट्यांची, जेमतेम सहा महिन्यांची. ती वयात यायच्या आत तिचं ऑपरेशन करायला हवं होतं, कारण कुंपणावर दोन बोके येऊन बसायला लागले होते. मी सोमवारची सकाळची वेळ ठेवली. रविवारी रात्री घरात सगळ्यांना बजावलं, हिला उपाशी ठेवायचं आहे. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. हे वाक्य मी फोनवर दिवसातून इतक्या वेळा म्हणायचे की ते झोपेतही म्हटलं असतं.

सोमवारी तिला पिंजऱ्यात घालून दवाखान्यात नेलं. आमची डॉक्टरीणबाई तिला टेबलावर घेऊन तपासायला लागली आणि थांबली. तिने मांजरीच्या ओठाला बोट लावलं, मग माझ्याकडे पाहिलं. ओठाला पांढरं काहीतरी चिकटलेलं होतं आणि मांजरी ते मिटक्या मारत चाटत होती. "हिने काही खाल्लंय," डॉक्टरीणबाई म्हणाली. मी म्हटलं, शक्यच नाही. मग मी जवळ जाऊन पाहिलं. ते दही होतं आणि त्यात साखरेचे कण होते.

आख्ख्या गावाला जनावर उपाशीपोटी आणायचा धडा देणारी बाई स्वतःच्या मांजराला खाऊ घालून घेऊन आली, यावर नर्सला दिवसभराचं हसू मिळालं. ऑपरेशन अर्थातच रद्द झालं. मी जेवणाच्या सुट्टीत मांजरीला घेऊन घरी आले. रागाने माझे कान तापले होते. पण सासूबाईंवर रागवायचं म्हणजे अहो-जाहो करत रागवायचं, त्यात निम्मा जोर निघून जातो.

"आई, तुम्ही हिला दही दिलंत?"

"दिलं. तळहातावर चमचाभर. मोठ्या कामाला निघालेल्याच्या हातावर दही-साखर नको का ठेवायला? आमच्या मुलांना तर प्रत्येक पेपरला दिलं आहे."

"पण मी काल सांगितलं होतं ना, उपाशी ठेवायचं!"

"मग उपासाला दही चालतं की," सासूबाई म्हणाल्या. "मी काय तिला पोळी वाढली?"

नवरा फोनवर हे ऐकून ऑफिसात इतका हसला की मी त्याच्यावर उरलेला राग काढला. मांजरीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं. त्या दिवशी दही फ्रिजच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात होतं आणि सासूबाई हाताची घडी घालून दारात उभ्या होत्या. मांजरी संध्याकाळी परत आली, कुशीवरचे केस भादरलेले, गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर, आणि सगळ्या जगावर रुसलेली. सासूबाईंनी तिला आधी दही दिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

या दह्याबद्दल सांगायला हवं. दुकानातल्या योगर्टचा डबा त्यांनी पहिल्याच आठवड्यात उघडून, चाखून, बाजूला ठेवला होता. "याला दही म्हणतात इथे?" असं म्हणून त्यांनी त्याचंच विरजण घेतलं, दूध तापवलं, आणि वरच्या मजल्यावर बॉयलरच्या उबदार कपाटात, टॉवेलांच्या मध्ये पातेलं ठेवून दिलं. दोन-तीन दिवसांत दही नीट लागायला लागलं. घट्ट, सुरी घालून कापावं असं. मग ते रोजच लागायला लागलं आणि आमच्याच्याने संपेना.

त्यातलं बरंचसं कुंपणापलीकडे जातंय हे मला फार उशिरा कळलं.

शेजारी एक गृहस्थ एकटे राहायचे. कॉव्हेंट्रीला मोटारींच्या कारखान्यात उमेदवारी केलेले, मग हे गाव नवीन वसत होतं तेव्हा बायकोबरोबर इथे आलेले. मी त्यांना आजोबा म्हणायचे; त्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "आजोबा काय म्हणतेस, माझ्याच वयाचे तर आहेत." त्यांची बायको आम्ही येण्याच्या आदल्या वर्षी गेली होती. तिचा कुत्रा मागे राहिला होता. काळा, भलामोठा, तोंडावरचे केस पिकलेला. मी कुत्र्यांना भ्यायचे तेव्हाही याला कधी भ्याले नाही, कारण तो माझ्याकडे बघून नुसती शेपूट जमिनीवर आपटायचा.

तो आमच्याच दवाखान्याचा पेशंट होता. त्या उन्हाळ्यात त्याचे मागचे पाय गेले. पोटात गाठ होती, तिच्यावर इलाज उरला नव्हता. आजोबा त्याच्या पोटाखालून टॉवेल घालून त्याला उचलायचे आणि बागेत न्यायचे, तेव्हा दोघेही कण्हायचे. डॉक्टरीणबाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, गोळ्यांनी वेदना फार दिवस आवरणार नाहीत, दिवस तुम्ही ठरवा. त्यांनी विचारलं, मला कसं कळणार? त्यावर आमच्या नर्सने, सगळ्यांना सांगते तेच, मायेने सांगितलं, "त्याने खाणं सोडलं की समजा."

जून महिन्यात त्याने खाणं सोडलं. आजोबांनी फोन केला, मीच घेतला. मी त्यांना गुरुवारची साडेबाराची वेळ दिली आणि नर्सने शिकवल्याप्रमाणे फोन त्यांनी ठेवेपर्यंत थांबले. गुरुवारी सकाळी दहा वाजता पुन्हा फोन. आवाज पार बदललेला. "त्याने खाल्लं," ते म्हणाले. "वाटीभर खाल्लं. वेळ रद्द कर, लव्ह." 'लव्ह' म्हणजे तिथलं 'बाळा'. मलाही बरं वाटलं. मी आनंदाने वेळ पुसून टाकली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. दोन दिवस उपाशी, म्हणून वेळ घेतली, आणि सकाळी फोन. या वेळी ते म्हणाले, "तुझ्या सासूबाई त्याला काय देतात कोण जाणे. भात आहे, आणि थंड पांढरं काहीतरी. वाटी चाटून लख्ख करतो. बिस्किटाला मात्र तोंड लावत नाही."

फोन ठेवला आणि सगळं माझ्या लक्षात आलं. तो उपाशी दिसला की सासूबाई कुंपणाशी दहीभात कालवून त्याला भरवत होत्या. तो त्यांच्या हातून खात होता, म्हणून आजोबांना वाटत होतं की अजून वेळ आली नाही. आणि तो रोज कण्हत होता. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ते ऐकू यायचं.

त्या दिवशी घरी आले ती सरळ सासूबाईंसमोर उभी राहिले. "आई, उद्यापासून त्या कुत्र्याला काही द्यायचं नाही."

त्या तांदूळ निवडत होत्या. "भुकेलेल्याला नाही म्हणू?"

"तो भुकेला नाही, तो मरतोय. तुमच्या दहीभातामुळे त्यांना वाटतंय की तो सुधारतोय. ते वेळ घेतात आणि रद्द करतात. त्याला काय होतंय ते ऐकू येत नाही का तुम्हाला?"

माझा आवाज चढला होता. आमच्या घरात मी त्यांच्याशी इतक्या चढ्या आवाजात पहिल्यांदाच बोलले. त्या रागावल्या नाहीत. हातातलं ताट त्यांनी खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. कुत्रा कुंपणाजवळ उन्हात पडलेला होता.

"हेही शेवटपर्यंत खात होते," त्या म्हणाल्या. सासरे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. "मऊ भात कालवून दिला की खायचे. मला वाटायचं, खातायत म्हणजे बरे होणार. डॉक्टर सांगत होते, आता त्यांना त्रास देऊ नका, मी ऐकलं नाही. पुन्हा हॉस्पिटलात नेलं, पुन्हा नळ्या घातल्या. ते माझ्याकडे बघून खात होते गं. त्यांना भूक नव्हती. मला वाईट वाटू नये म्हणून खात होते."

मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी ताट पुन्हा मांडीवर घेतलं आणि तांदूळ निवडून पुरे केले. मग म्हणाल्या, "मी त्याचं खाणं बंद करणार नाही. पण त्यांच्याशी बोलते. तू चल बरोबर. माझं इंग्रजी पेपर तपासण्यापुरतं आहे, त्यांचे उच्चार मला समजत नाहीत."

आम्ही दोघी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा केला. कुत्रा हॉलमध्ये गोधडीवर होता आणि श्वास घेताना त्याची बरगडी न् बरगडी दिसत होती. सासूबाई खुर्चीवर बसल्या नाहीत, गुडघे धरत धरत त्याच्याजवळ जमिनीवरच बसल्या. मला म्हणाल्या, "त्यांना सांग, आमच्याकडे माणूस मोठ्या कामाला निघाला की त्याच्या हातावर दही-साखर ठेवतात."

मी सांगितलं. आजोबांनी मान हलवली, त्यांना वाटलं ही काहीतरी गोडाची गोष्ट आहे.

"सांग, खाल्लं म्हणजे थांबायचं असं नसतं. आमच्याकडे खाऊनच निघतात. उपाशी कुणालाच पाठवत नाहीत."

हेही मी इंग्रजीत सांगितलं. आजोबांनी हातातला कप खाली ठेवला.

"मी वाट बघत होतो की तो मला सांगेल," ते म्हणाले. "त्याने नको म्हटलं की मी समजणार होतो."

सासूबाईंना हे मात्र मी न सांगताच कळलं. कुत्र्याच्या कानामागे खाजवत त्या म्हणाल्या, "तो नाही सांगणार. त्याला तुमची काळजी आहे." हे मी इंग्रजीत केलं तेव्हा आजोबांनी तोंडावर हात धरला आणि आम्ही दोघी दुसरीकडे पाहत बसलो. निघताना त्यांनी मला दारात थांबवलं आणि विचारलं, "गुरुवारी साडेबाराची वेळ मोकळी आहे का?"

गुरुवारी मी सकाळची सुट्टी घेतली. आमच्या गाडीची मागची सीट पाडून त्यावर त्याची गोधडी अंथरली. नवऱ्याने आणि आजोबांनी त्याला उचलून आणलं. सासूबाई काठाची साडी नेसून बाहेर आल्या. पुण्याहून आणलेली चांदीची वाटी हातात, आत दही, वर साखर भुरभुरलेली. त्यांनी उजव्या तळहातावर दही घेतलं आणि त्याच्या तोंडापुढे धरलं. त्याने सगळं खाल्लं, हाताच्या रेषांतलंसुद्धा. मग त्यांनी आणखी एक चमचा घेतला आणि आजोबांपुढे उभ्या राहिल्या. ते गोंधळले. मी म्हटलं, उजवा हात पुढे करा, तुम्हीही निघाला आहात. त्यांनी हात पुढे केला, आणि चमचाभर दही-साखर आपल्या तळहातावरून, जरा ओशाळत, खाल्ली.

बायको गेली तेव्हा आपण खोलीबाहेर होतो, आत थांबायचा धीर झाला नव्हता, असं ते वाटेत मला म्हणाले. कुत्र्याच्या वेळीही बाहेरच बसायचं त्यांच्या मनात होतं. पण साडेबारा वाजता डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा ते आत गेले, जमिनीवर बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी दारापाशी होते. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पायाचे केस थोडे भादरले, सुई दिली. तो एकदा मोठा उसासा टाकून सैल झाला. त्याच्या मिशांना साखरेचा एक कण लागलेला होता, तो आजोबांनी बोटाने पुसला. मागच्या दाराने आम्ही बाहेर पडलो तेव्हा बाहेर ऊन होतं. ते म्हणाले, "किती शांत गेला." गाडीत बसल्यावर पुन्हा तेच म्हणाले.

त्यानंतर ते खचतील अशी मला धास्ती होती. काही दिवस त्यांचे पडदे दुपारपर्यंत बंद असायचे. मग आमची मांजरी, जी आता रुसवा विसरली होती, कुंपण ओलांडून त्यांच्या शेडमध्ये जाऊन झोपायला लागली. त्यांनी तक्रार करायला म्हणून आमची बेल वाजवली आणि जेवूनच गेले. सासूबाईंनी त्यांना विरजण दिलं आणि दही लावायला शिकवलं. ते त्यांना कधीच जमलं नाही. पातेलं हलवून बघायचा त्यांचा उतावळेपणा जाईना. सासूबाई म्हणायच्या, "हा माणूस गणितात नापास झाला असता."

मीही बदलले. दवाखान्यात कुणी शेवटची वेळ घ्यायला फोन केला आणि विचारलं, "येताना त्याला काही खायला दिलं तर चालेल का?" तर मी आता सांगायचे, त्याला आवडेल ते द्या, तुमच्या हाताने द्या. पूर्वी मी नुसतं 'हो, चालेल' म्हणायचे. त्या फोनांची मला वाटणारी भीती गेली. ते काम मला आवडतं, असं त्या वर्षी मी पहिल्यांदा म्हटलं.

सप्टेंबरच्या अखेरीस सासूबाई परत निघाल्या. नवऱ्याने बॅगा गाडीत ठेवल्या. सकाळपासून आवराआवरीत माझ्या लक्षात आलं की घरातलं दही आदल्या दिवशीच संपलंय आणि त्यांच्या हातावर ठेवायला काही नाही. मी चुटपुटत होते. त्या म्हणाल्या, "राहू दे गं, मी काय परीक्षेला चालले आहे का?" पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. ही आपली इथली शेवटची खेप, असं त्या दोन दिवस म्हणत होत्या.

इतक्यात शेजारचं दार उघडलं. आजोबा कोट घालून, केस पाण्याने बसवून आले होते. एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात दुकानातल्या योगर्टचा छोटा डबा होता. स्ट्रॉबेरीचा, गुलाबी. माझं कालचं दही पुन्हा फसलं, असं ते मला म्हणाले. मग सासूबाईंसमोर उभे राहिले.

"उजवा हात," ते त्यांना म्हणाले.

ज्या बाईने असल्या डब्याला दही म्हणायला नकार दिला होता, तिने पदर सावरला आणि उजवा हात पुढे केला. त्यांनी त्यावर चमचाभर गुलाबी योगर्ट ठेवलं, आणि खिशातून कागदाची पुडी काढून वर साखर भुरभुरली. सासूबाईंनी ते सगळं खाल्लं. मग मला म्हणाल्या, "त्यांना सांग, पुढच्या एप्रिलमध्ये येते."